लाल पट्टीच्या अलीकडे

बाबा गुरुवारी संध्याकाळी यायचे आणि शनिवारी संध्याकाळी जायचे. ते फुजैऱ्याच्या बंदरात एका तेलाच्या टर्मिनलवर मेंटेनन्सला होते आणि आई अबुधाबीतल्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये. दोघांना एकाच शहरात नोकरी मिळेल, इन्शाल्ला, असं ते मी पहिलीत होते तेव्हापासून म्हणत होते, आणि मी नववीत गेले तरी म्हणतच होते. त्यामुळे आमच्या घराला दोन चाली होत्या. पाच दिवस आई आणि मी खुबूस, म्हणजे तिथली अरबी रोटी, आणि पिठलं, नाहीतर लबानची कढी आणि भात असं काहीतरी करून, टीव्हीसमोर मांडीवर ताटं घेऊन जेवायचो. गुरुवारी संध्याकाळी मात्र टेबल पुसलं जायचं, कुकरच्या शिट्या वाढायच्या, आणि लिफ्टचं दार वाजलं की आई न बघता म्हणायची, ‘आले.’ बाबांच्या शर्टाला तेलाचा जड वास असायचा. येताना ते वाटेवरच्या मसाफीच्या बाजारातून काही ना काही घेऊन यायचे, कधी पेरू, कधी मातीची कुंडी, एकदा तर घरी एकही रोप नसताना पाण्याची झारी.

हे लिहिताना मी अडतीस वर्षांची आहे. आठवणी लिहायचं हे वय नव्हे, असं आईचं मत आहे. पण गोलकीपरचं वय गुडघ्यांवरून धरतात, आणि त्या हिशोबाने माझी पंचाहत्तरी कधीच होऊन गेली. युरोपातल्या तीन लहान लहान गावांच्या संघांसाठी मी चौदा हिवाळे पगार घेऊन आइस हॉकीचा गोल राखला. वाळवंटात वाढलेली मराठी मुलगी बर्फावर कशी गेली, हे मला तिथल्या प्रत्येक वार्ताहराने विचारलं. प्रत्येकाला मी हसून काहीतरी ठोकून दिलं. खरं उत्तर सांगायला लागलं असतं तर बाबांबद्दल सांगावं लागलं असतं, आणि ते परक्या भाषेत मला कधी नीट जमलं नाही.

बाबा विकेटकीपर होते. शुक्रवारी पहाटे, ऊन चढायच्या आत, शहराबाहेरच्या वाळूच्या मैदानावर काथ्याची चटई अंथरून मराठी नोकरदारांच्या दोन टीम खेळायच्या. त्यांतल्या एकीचे बाबा कीपर. नाशिकला कॉलेजात असताना त्यांचं नाव वरच्या निवडीसाठी गेलं होतं, आणि त्याच आठवड्यात नोकरीचं पत्र आलं. ही गोष्ट ते स्वतः कधी सांगत नसत, आई सांगायची, तीसुद्धा फक्त भांडण झाल्यावर. मी लहानपणापासून त्यांच्या मागे वीसेक पावलांवर उभी राहून सुटलेले चेंडू अडवायचे. सुटायचे फारच थोडे. त्यांच्या ग्लोव्हजमध्ये चेंडू शिरला की आवाजच यायचा नाही, नुसता ‘हुप्’ असा एक श्वास. ‘चेंडूशी भांडायचं नाही,’ ते मला सांगायचे. ‘तो पाहुणा आहे. आला की त्याच्याबरोबर आपणही दोन पावलं घरात यायचं. हात मागे, मागे, मागे… हां. दुखला का? नाही ना?’ हॉलमध्ये ओला टेनिस बॉल टाकून त्यांनी हे माझ्याकडून हजारो वेळा घोटून घेतलं असेल. त्यात आईची लोणच्याची बरणी गेली आणि गणपतीमागचा आरसा गेला, पण माझे हात मऊ झाले.

बर्फाशी गाठ पडली ती उन्हाळ्यामुळे. जुलै-ऑगस्टमध्ये तिथे मुलांनी करायचं काय, हा प्रत्येक आईला पडणारा प्रश्न. आईने मला शहरातल्या बर्फाच्या रिंकवरच्या सुट्टीतल्या शिबिरात घातलं, कारण ते तिच्या हॉस्पिटलच्या वाटेवर होतं. बाहेर पंचेचाळीस डिग्री, आणि आत आम्ही नाशिकहून आणलेल्या लोकरीच्या कानटोप्या घालून धडपडतोय. दोन वर्षांत मी बऱ्यापैकी स्केटिंग करायला लागले आणि मुलींच्या हॉकी संघात कशीबशी शिरले. मग आमची गोलकीपर आईवडिलांबरोबर कॅनडाला निघून गेली. आमचे कोच मारेक स्लोव्हाकियाचे, मोजकं बोलणारे. त्यांनी सगळ्यांना ओळीत उभं करून विचारलं, अंगावर येणाऱ्या वस्तूला कोण घाबरत नाही? शेजारी उभी असलेली हमदा, आमची सगळ्यात वेगवान खेळाडू, हेल्मेटखालचा हिजाब नीट करत माझ्याकडे बघून म्हणाली, ‘शी इज फ्रॉम क्रिकेट, कोच.’ आणि मी हात वर केला. त्या रात्री फोनवर बाबांना सांगितलं. ते म्हणाले, ‘म्हणजे कीपिंगच की.’ त्यांच्या आवाजात जे होतं ते मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं.

आता थोडं समजावून सांगायला हवं. पक म्हणजे रबराची जाड, काळी चकती, बर्फात ठेवून दगडासारखी केलेली. गोलकीपरच्या डाव्या हातात झेल घ्यायचा मोठा चामडी ग्लोव्ह असतो, आणि पायांच्या मागे बर्फात लाल रेषा असते. पक ती रेषा पूर्ण ओलांडून गेला की गोल, मग तो जाळीत पडलेला असो की कीपरच्या बंद मुठीत. मारेक मला पहिल्या महिन्यापासून सांगत होते, रेषेवर उभी राहू नकोस, पुढे ये, आणि हात पुढे कर. मी मान डोलवायचे आणि पुन्हा मागे जाऊन उभी राहायचे. बाबा वेगवान गोलंदाजाला मागेच उभे राहायचे ना. मारेकना येऊन चार महिने झाले होते, बाबांना मी जन्मापासून ओळखत होते. मी हट्टी होते आणि अजूनही आहे.

त्या वर्षी मुलींचा संघ वसंतात युरोपला एका स्पर्धेला जायचा होता. संघाबरोबर एकच गोलकीपर जाणार होती. मी, नाहीतर दुबईच्या क्लबची एक उंच मुलगी. मारेकनी दोन सराव सामने ठेवले, लागोपाठच्या दोन शुक्रवारी दुपारी, मुलांच्या संघाविरुद्ध. दोन्हींत निम्मा वेळ ती, निम्मा वेळ मी. दुसऱ्या शुक्रवारी संध्याकाळी नाव सांगणार. मला ती जागा इतकी हवी होती की भूक लागेनाशी झाली. आईने थालीपिठावर लोण्याचा गोळा ठेवून समोर धरलं, तर मी म्हणाले, ‘लेटर, आई.’ त्या घरात थालीपिठाला लेटर म्हणायची ती पहिलीच वेळ असावी.

पहिल्या सामन्याला बाबा सकाळची मॅच खेळून थेट आले, पॅन्टच्या घडीत अजून वाळू, अंगावर आईची शाल. प्रेक्षागृहात मोजून दहा माणसं. मी चांगली खेळले. पायांनी अडवलं, छातीवर घेतलं, एकदा तर हेल्मेटवर आदळून पक उडाला आणि आई किंचाळली. दोन्ही बाजूंना दोन-दोन गोल असताना, शेवटच्या मिनिटाला, मुलांच्या संघातल्या एका धिप्पाड मुलाने डावीकडून वर, खांद्याच्या उंचीवर मारलं. मला तो पक येताना आजही दिसतो. माझा हात उघडला, पक आत शिरला, आणि मी त्याच्याबरोबर मागे गेले. मागे, मागे, मागे. आवाजच आला नाही. आयुष्यात मी इतका सुंदर झेल घेतला नव्हता.

वरून एकट्या माणसाच्या टाळ्या ऐकू आल्या. बाबा उभे राहिले होते आणि डोक्यावर हात नेऊन टाळ्या पिटत होते. ‘शाब्बास! काय घेतलास!’ आणि त्याच वेळी रेफरी माझ्या मागच्या जाळीकडे बोट दाखवत होता. मी मान वळवून पाहिलं. माझा ग्लोव्हचा हात कोपरापर्यंत गोलच्या आत होता. मुलं एकमेकांच्या अंगावर उड्या मारत होती. बाबांच्या टाळ्या मात्र थांबेनात, कारण त्यांना काय झालं ते कळलंच नव्हतं, आणि मला बर्फ फाटून आत घेईल तर बरं असं झालं.

मारेक ओरडले नाहीत. त्यांनी माझा डावा हात मनगटाला धरून पुढे ओढला आणि विचारलं, ‘हे मागे न्यायला तुला कुणी शिकवलं?’ मी म्हणाले, असंच, सवय आहे. ते म्हणाले, ‘सवय शुक्रवारपर्यंत सोड. नाहीतर मला दुसरीचं नाव लिहावं लागेल.’

गाडीत बाबा रेफरीवर तुटून पडले. झेल घेतल्यावर गोल कसा देतात, हा काय प्रकार आहे, उद्या मी त्या कोचशी बोलतो. आई मागे वळून माझ्याकडे बघत होती. मला फक्त एवढंच सांगायचं होतं की बाबा, तो गोलच होता. चार शब्दांचं काम. पण ते सांगितलं असतं तर पुढचंही सांगावं लागलं असतं, की तुम्ही जे शिकवलंत त्यानेच झाला. आठवड्यातून दोन दिवस भेटणारा बाप होता तो. त्या दोन दिवसांत मला देण्यासारखी त्यांच्याकडे ही एकच गोष्ट होती, आणि ती त्यांनी जीव ओतून दिली होती. मी खिडकीबाहेर बघत बसले. ‘इट्स ओके, बाबा, लीव्ह इट,’ म्हणाले. घरात इंग्रजी मी लपायच्या वेळीच जास्त वापरायचे.

शनिवारी सकाळी मला सरावाला सोडायला बाबाच आले आणि खरोखरच कोचला शोधायला आत शिरले. मारेक अजून यायचे होते. भेटले ते सावंतमामा. सावंतमामा कणकवलीकडचे, रिंकवर बर्फ गुळगुळीत करायचं मोठं यंत्र चालवायचे. बायकामुलं गावी, आणि हे बारा वर्षं थंडीत. हॉकीचा प्रत्येक सामना त्यांनी यंत्राच्या सीटवर बसून पाहिलेला. बाबांची तक्रार त्यांनी पूर्ण ऐकून घेतली. मग म्हणाले, ‘साहेब, राग मानू नका. जरा या इकडे.’ ते बाबांना धरून धरून बर्फावरून गोलपाशी घेऊन गेले. स्वतःची लोकरी टोपी काढून हातात घेतली, पक धरल्यासारखी, आणि लाल रेषेच्या अलीकडून पलीकडे नेली. ‘इथपर्यंत पोरीचा झेल. आणि इथून पुढे त्यांचा गोल. हात मागे गेला ना, साहेब. नाहीतर झेल एक नंबर होता.’

मी बाकावर बुटांच्या नाड्या बांधत होते. बांधून झाल्या तरी बांधतच राहिले. बाबा त्या रेषेकडे बघत उभे होते. मग आपला डावा हात समोर धरला, हळूच मागे घेतला, आणि रेषेकडे पाहिलं. पुन्हा एकदा तसंच केलं. सावंतमामा शहाणे, ते यंत्राकडे निघून गेले. बाबा माझ्याजवळ येऊन बसले तेव्हा त्यांच्या पायाची बोटं गारठली असणार, चपलाच होत्या पायात.

‘तुला माहीत होतं,’ ते म्हणाले.

‘हो.’

‘मग बोलली का नाहीस?’

मी रडायला लागले. त्यांनी माझ्या हेल्मेटवर टपली मारली, मला लागली नाही, त्यांनाच लागली असावी. ‘अगं वेडे,’ ते म्हणाले, ‘मी काय वेद सांगितलेत का? जिथे खेळतेस तिथलं खेळ.’ आवाज नेहमीचा होता, पण सरावानंतर घरी जाताना त्यांनी दोनदा चुकीचं वळण घेतलं.

दुपारी आईने सुरमई तळायला घेतली होती. बाबांनी जेवायचं टेबल भिंतीकडे सरकवलं, टूलबॉक्समधून लाल रंगाची इन्सुलेशन टेप काढली आणि हॉलच्या मोकळ्या भिंतीपासून वीतभर अंतरावर, फरशीवर एक सरळ पट्टी चिकटवली. चिकटवताना लेव्हलची काचनळी लावून बघितली, कारण ते बाबा होते. ‘ही तुझी रेषा. टाचा हिच्यावर. मी टाकतो, तू घे.’ पहिलाच चेंडू घेताना माझा हात मागे गेला आणि कोपर भिंतीवर असा आपटला की डोळ्यांसमोर काजवे चमकले. दुसऱ्यालाही तेच. ‘पुढे घे,’ बाबा म्हणाले. ‘पाहुणा दारातच. घरात नाही आणायचा.’ हे वाक्य उच्चारायला त्यांना किती जड गेलं असेल याचा विचार मी तेव्हा केला नाही. मला कोपर दुखत होतं. आई झाऱ्या घेऊन बाहेर आली, पट्टी पाहिली, भिंत पाहिली, आणि म्हणाली, ‘भिंतीला काही झालं तर मालकाशी तुम्ही बोला.’ आणि आत गेली. संध्याकाळी बाबा फुजैऱ्याला निघाले तेव्हा दहातले सहा झेल मागेच जात होते.

रविवारपासून चेंडू टाकायला आई. आईने जन्मात चेंडू टाकला नव्हता. लॅबमधून येऊन, पदर खोचून, ती डोळे बारीक करून नेम धरायची आणि चेंडू छताला लागून यायचा, खुर्चीला लागून यायचा, एकदा मागे स्वयंपाकघरातच गेला. बाबांचे चेंडू सरळ यायचे. आईचा कुठून येईल ते आईलाही माहीत नसायचं. नंतरच्या चौदा वर्षांत माझ्यावर शेकडो खेळाडूंनी पक मारले, पण माझा विश्वास आहे की नजर तयार केली ती त्या आठवड्याने. मंगळवारी खालच्या मजल्यावरचे इजिप्शियन काका वर आले. दार उघडं, घामाघूम आई, कोपराला क्रेप बँडेज बांधलेली मी. त्यांनी भिंतीकडे बघितलं, आमच्याकडे बघितलं आणि तक्रार गिळून हात जोडले. ‘यल्ला, सिस्टर, फिनिश बिफोर नाइन.’ रोज साडेनऊला बाबांचा फोन यायचा. नमस्कार नाही, जेवलात का नाही. ‘पुढे?’ रविवारी मी म्हणाले, कधी कधी. मंगळवारी म्हणाले, बहुतेक वेळा. बुधवारी म्हणाले, ‘पुढे.’ पलीकडे ते नुसते ‘बरं’ म्हणाले. त्यांना धाप लागल्यासारखी वाटली, मी विचारलंही, तर म्हणाले जिना चढून आलोय.

दुसरा शुक्रवार. बाबा सकाळची मॅच खेळून आले. त्यांच्याबरोबर गाडीतून आलेले देशपांडेकाका आईला हसत हसत सांगत होते, ‘वहिनी, आज आमच्या कीपरने तीन कॅच सोडले. आठ वर्षांत पहिल्यांदा. डोळे तपासा.’ बाबा म्हणाले, ‘वय झालं.’ मला त्या क्षणी स्वतःशिवाय काही सुचत नव्हतं, मी कपडे बदलायला पळाले.

सामन्याबद्दल थोडंच सांगते. माझ्या अर्ध्या वेळात एक गोल खाल्ला, तो पायांमधून गेला, त्याचं दुःख नाही. आम्ही एका गोलने पुढे होतो. शेवटी शेवटी तोच धिप्पाड मुलगा, तीच डावी बाजू. त्याला माहीत होतं की इथे खिंडार आहे, आणि मला माहीत होतं की त्याला माहीत आहे. मी रेषा सोडून दोन हात पुढे आले होते. पक सुटला. हात मागे जायला निघालाच होता, खरं सांगते, सगळं अंग मागे जायला निघालं होतं, आणि कोपराला ती भिंत आठवली. जिथे भिंत नव्हतीच तिथे आठवली. हात पुढे गेला. चट्ट असा मोठा, बेढब आवाज झाला आणि तळहात पेटल्यासारखा दुखला.

मी वर पाहिलं. आई टाळ्या वाजवत होती, पण ती सामना सुरू झाल्यापासून वाजवत होती. बाबा उभे होते, दोन्ही हात एकमेकांपासून फूटभर लांब धरून, तसेच थांबलेले. ते माझ्याकडे बघत नव्हते. ते रेफरीकडे बघत होते. रेफरीने दोन्ही हात आडवे पसरले, गोल नाही. मग बाबांचे हात एकत्र आले.

संध्याकाळी मारेकनी माझं नाव लिहिलं. हमदाने मला उचलून गोल फिरवलं, ‘खलास, हबीबती,’ म्हणजे झालं, लाडके, ‘पॅक युवर बॅग!’ त्या स्पर्धेत एका छोट्या गावच्या प्रशिक्षकाने मला पाहिलं, दोन वर्षांनी बोलावून घेतलं, आणि पुढचं सगळं तिथून सुरू झालं.

जायच्या आधी बाबांनी आम्हाला पहिल्यांदाच फुजैऱ्याला नेलं. समुद्र दाखवतो म्हणाले. कंपनीच्या इमारतीतली त्यांची खोली आम्ही कधी पाहिली नव्हती, तिथे बघण्यासारखं काही नाही असं ते म्हणायचे, आणि खरोखरच नव्हतं. एक पलंग, एक शेगडी, खिडकीतून दिसणाऱ्या तेलाच्या टाक्या, खिळ्याला अडकवलेले कीपिंगचे ग्लोव्हज. आई चहाचं पातेलं शोधत होती. मी चपला काढायला वाकले आणि मला फरशीवर लाल पट्टी दिसली. भिंतीपासून वीतभर, लेव्हलमध्ये चिकटवलेली. टाचा टेकतात त्या दोन जागी ती घासून पांढरी पडली होती. समोरच्या भिंतीवर चेंडूचे गोल गोल डाग होते, आणि मागच्या भिंतीवर, मोठ्या माणसाच्या कोपराच्या उंचीला, रंगाचा पोपडा उडालेला.

मी बाबांकडे पाहिलं. ते जरा ओशाळले. ‘तुला सांगतोय ते करता येतं का, बघायला नको?’ ते म्हणाले.

‘आलं?’

‘बुधवारी आलं,’ बाबा म्हणाले, आणि आईच्या हातून पातेलं घेऊन चहा ठेवायला गेले. त्या शुक्रवारी सोडलेल्या तीन कॅचबद्दल आम्ही कधीच बोललो नाही. त्यानंतर ते आणखी सहा वर्षं मराठी टीमकडून खेळले, पण कीपर म्हणून नाही. ते लाँगऑनला उभे राहायचे.